दरडोई वीजवापर आणि आर्थिक वाढ : नेमका संबंध कोणता?

अर्थान्वय (धागाकर्ता, मुंबई)

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार भारताचा दरडोई वीजवापर २०२३-२४ मध्ये १,३९५ युनिटपर्यंत पोहोचला. १९४७ साली तो जेमतेम १६ युनिट होता आणि साऱ्या देशाची स्थापित क्षमता १,३६२ मेगावॉट होती. आज उन्हाळ्यात एकट्या मुंबईची कमाल मागणी याच्या सुमारे तिप्पट, म्हणजे चार हजार मेगावॉटच्या घरात जाते. असे आकडे समोर आले की चर्चा बहुधा एकाच वाक्यावर येऊन थांबते : वीज वाढवा, विकास आपोआप होईल. या वाक्यात तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हे नीट तपासून पाहावे म्हणून हा धागा काढत आहे.

श्रीमंत देशांत वीजवापर जास्त आणि गरीब देशांत कमी असतो, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो दिशेचा. वीज मिळाल्यामुळे उत्पन्न वाढते, की उत्पन्न वाढल्यामुळे लोक जास्त वीज वापरतात? जॉन क्राफ्ट आणि आर्थर क्राफ्ट यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या १९४७ ते १९७४ या काळातील आकड्यांवरून असा निष्कर्ष काढला की ओघ राष्ट्रीय उत्पन्नाकडून ऊर्जावापराकडे जातो, उलट नाही. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक विकसनशील देशावर असे अभ्यास झाले आहेत. भारतापुरते बोलायचे तर सजल घोष यांचा २००२ मधील निबंध प्रसिद्ध आहे. १९५०-५१ ते १९९६-९७ या काळासाठी त्यांनाही आर्थिक वाढीकडून वीजवापराकडे जाणारा एकदिश संबंध आढळला. इतर अभ्यासकांना इतर देशांत याच्या उलट दिशा दिसली, काहींना दोन्ही दिशा दिसल्या, तर काहींना कोणताच संबंध सापडला नाही. चारही निष्कर्षांच्या बाजूने भरपूर निबंध आहेत आणि कोणत्याही एका निष्कर्षाला निर्विवाद बहुमत नाही.

माझे मत असे की चाळीसहून अधिक वर्षे उत्तर मिळत नसेल, तर प्रश्नाची मांडणी तपासायला हवी. देशपातळीवरच्या एका सरासरी आकड्यात खरिपातला कृषिपंप, ॲल्युमिनियमचा कारखाना, चाळीतला पंखा आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील वातानुकूलन हे सारे एकत्र मिसळलेले असते. या प्रत्येक युनिटचा अर्थव्यवस्थेशी असलेला संबंध वेगळा आहे.

मुंबईचाच इतिहास पाहा. येथे कापडगिरण्या १८५० च्या दशकात उभ्या राहिल्या आणि पुढची साठ वर्षे त्या कोळशावर, वाफेच्या इंजिनांवर चालल्या. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, त्यानंतर भिवपुरी १९२२ मध्ये आणि भिरा १९२७ मध्ये. म्हणजे उद्योग आधी आला, वीज नंतर. सह्याद्रीत धरणे बांधून, डोंगरावरून नळ उतरवून एवढा खर्च कोणी केला असता, जर मुंबईत वर्षभर वीज विकत घेणाऱ्या गिरण्या नसत्या? पण गोष्ट तेथे संपत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत कामगाराला गिरणीपासून दूर राहून कामावर वेळेत पोहोचणे शक्य झाले. ती वाढ विजेशिवाय झाली नसती. एकाच शहरात, दहा वर्षांच्या अंतराने, बाण दोन्ही दिशांना गेलेला दिसतो.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील राज्यांचे. केरळचा दरडोई वीजवापर राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आहे, तरी दरडोई उत्पन्न सरासरीपेक्षा जास्त आणि मानवी विकासात ते राज्य आघाडीवर आहे. छत्तीसगड आणि ओडिशा यांचा वीजवापर सरासरीपेक्षा बराच जास्त, कारण तेथे पोलाद, स्पंज आयर्न आणि ॲल्युमिनियम यांचे कारखाने आहेत. दरडोई उत्पन्न मात्र राष्ट्रीय सरासरीच्या खाली. एक टन ॲल्युमिनियम वितळवून काढायला सुमारे १४ ते १५ हजार युनिट लागतात. मोझांबिकमध्ये मापुतोजवळ २००० साली सुरू झालेल्या ॲल्युमिनियम प्रकल्पाने त्या देशाचा वीजवापर आणि निर्यात दोन्ही एका उडीत वर नेले, पण ग्रामीण मोझांबिकमधील बहुसंख्य घरे पुढेही अंधारातच राहिली. दरडोई सरासरी वाढली म्हणजे दर माणशी वीज पोहोचली असे मुळीच नाही.

म्हणून मला असे वाटते की विकसनशील देशांच्या बाबतीत वापरलेल्या युनिटपेक्षा न मिळालेल्या युनिटचा हिशेब अधिक बोलका ठरेल. ज्या वेळी काम होते, ज्या ठिकाणी बाजारपेठ होती आणि वीज नव्हती, तेथे किती उत्पन्न बुडाले? हा आकडा वीजवापराच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही. दक्षिण आफ्रिकेत २००७ पासून भारनियमन सुरू झाले. २०२३ च्या आरंभी तेथील रिझर्व्ह बँकेने अंदाज मांडला होता की त्या एका वर्षात भारनियमनामुळे आर्थिक वाढ दोन टक्के-बिंदूंपर्यंत घटू शकते. भारतातील कारखान्यांविषयी ऑलकॉट, कोलार्ड-वेक्सलर आणि ओ'कॉनेल यांचा २०१६ मधील अभ्यास सांगतो की वीजटंचाईमुळे सरासरी कारखान्याची विक्री पाच ते दहा टक्क्यांनी घटली, आणि ज्यांच्याकडे स्वतःचा जनरेटर नव्हता अशा लहान कारखान्यांना त्याची झळ अधिक बसली.

या विषयाशी कामानिमित्त संबंध आलेल्या सदस्यांनी आपले अनुभव व आक्षेप जरूर मांडावेत.

सांख्यिकी

लेखाचा रोख पटतो, पण कारणमीमांसेच्या तंत्राबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण वाचकांचा असा समज होऊ शकतो की अर्थशास्त्रज्ञांना एवढा साधा प्रश्नही सोडवता आला नाही.

क्राफ्ट यांच्यापासून सुरू झालेल्या बहुतेक अभ्यासांचा पाया ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये मांडलेली कसोटी हा आहे. ती कसोटी इतकेच विचारते की 'अ' या मालिकेच्या मागील आकड्यांमुळे 'ब' चा पुढचा आकडा अधिक अचूक सांगता येतो का. याला कार्यकारणभाव म्हणण्याची पद्धत असली, तरी हे पूर्वसूचनेचे मोजमाप आहे. कारखानदाराने पुढील वर्षाच्या मागणीच्या अपेक्षेने आजच यंत्रे बसवली, तर वीजवापर आधी वाढलेला दिसेल आणि उत्पन्न नंतर. कसोटी सांगेल की विजेमुळे उत्पन्न वाढले. शिवाय बहुतेक विकसनशील देशांची वार्षिक मालिका चाळीस-पन्नास आकड्यांची असते आणि तिच्या मध्यात १९९१ च्या आर्थिक सुधारणांसारखे वळण असते. कालखंड थोडा पुढेमागे केला किंवा विजेचे दर, भांडवल, रोजगार यांपैकी एखादा घटक गणितात घेतला, की दिशा बदलते.

सर्वांत गंभीर अडचण टंचाईची आहे. ज्या देशात भारनियमन असते तेथे वीजवापराचा आकडा हा मागणीचा आकडा नसतो, तो पुरवठ्याचा आकडा असतो. भारतात २०१२-१३ मध्ये ऊर्जेची तूट ८.७ टक्के होती. अशा काळात वीजवापर वाढला तर लोकांनी जास्त मागितली असे म्हणायचे, की नवा वीजनिर्मिती संच सुरू झाला असे म्हणायचे? देशपातळीवरच्या मालिकेला हा फरक कळत नाही.

यातून बाहेर पडण्यासाठी गेल्या पंधरा-वीस वर्षांत अभ्यासकांनी वेगळा मार्ग धरला. वीज कोठे पोहोचली हे ज्या गोष्टीने ठरले, पण त्या गोष्टीचा उत्पन्नाशी थेट संबंध नाही, अशी गोष्ट शोधायची. टेरिन डिंकेलमन यांनी दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात जमिनीचा चढ घेतला, कारण चढावर खांब रोवून तारा ओढणे महाग पडते. तेथे वीज पोहोचलेल्या भागांत स्त्रियांचा रोजगार सुमारे नऊ टक्के-बिंदूंनी वाढलेला दिसला. लाकूडफाटा गोळा करण्यात आणि चुलीपाशी जाणारा वेळ मोकळा झाला, हे त्याचे मुख्य स्पष्टीकरण. हुआन पाब्लो रूड यांनी भारतातील राज्यांसाठी भूजलाची उपलब्धता घेतली : हरितक्रांतीच्या काळात जेथे भूजल होते तेथे पंपांसाठी वीजजाळे आधी पोहोचले आणि त्या जाळ्याचा फायदा पुढे कारखान्यांनाही झाला.

याउलट बर्लिग आणि प्रिओनास यांनी २००५ च्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेतील तीनशे लोकवस्तीची अट वापरली. अटीच्या थोडे वर आणि थोडे खाली असलेली गावे जवळजवळ सारखीच असतात, फरक फक्त योजनेचा. तेथे इतक्या लहान गावांत आर्थिक लाभ नगण्य आढळला. मोठ्या गावांत मात्र तो लक्षणीय होता. केनियात तर काही घरांना जोडणी जवळजवळ फुकट देऊन पाहिली, तरी पहिल्या काही वर्षांत उत्पन्नात म्हणावा असा फरक पडला नाही.

हे निष्कर्ष एकमेकांना छेद देत नाहीत. वस्तीचा आकार, बाजाराचे अंतर आणि स्त्रियांच्या वेळेला मोल देणारे काम आसपास असणे, या गोष्टी वेगळ्या होत्या म्हणून परिणाम वेगळे आले.

रोहित्र

मी वितरण क्षेत्रात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. अर्थशास्त्र माझा विषय नाही, पण ज्या आकड्यांवर आपण एवढे तर्क उभारतो ते आकडे खाली कसे तयार होतात हे मी पाहिले आहे. त्याविषयी लिहितो.

पहिली गोष्ट 'विद्युतीकरण' या संज्ञेची. गावातील दहा टक्के घरांना आणि शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना यांसारख्या सार्वजनिक जागांना जोडणी मिळाली की ते गाव विद्युतीकृत मानले जात असे. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील सर्व गावांत वीज पोहोचल्याची घोषणा झाली ती याच व्याख्येनुसार. घरोघरी जोडणीचे काम त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेचे होते. विद्युतीकृत गाव, जोडणी असलेले घर आणि संध्याकाळी सहा ते दहा पुरेशा दाबाने वीज मिळणारे घर या तीन पायऱ्या आहेत, आणि संशोधनात बहुधा पहिल्या दोनच मोजल्या जातात.

दुसरी गोष्ट दाबाची, म्हणजे व्होल्टेजची. अकरा केव्हीची वाहिनी लांबच लांब जाते, तिच्यावर शेवटच्या टोकाला एक रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) असते आणि त्याच्यावर क्षमतेपेक्षा जास्त पंप असतात. तेथे दिवा मिणमिणत का होईना लागतो, पण मोटर सुरू होत नाही, झालीच तर तापून जळते. आकडेवारीत हा ग्राहक 'वीज उपलब्ध' या रकान्यात असतो. ज्या माणसाला पिठाची गिरणी टाकायची आहे त्याला तीन फेज हव्यात, योग्य दाब हवा आणि पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक विश्वासाचे हवे. नुसता दिवा लागल्याने गावात धंदा उभा राहत नाही.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रात लाखो कृषिपंपांना मीटर नव्हते आणि अनेकांना आजही नाहीत. त्यांचा वापर अश्वशक्ती आणि अंदाजे तास यांच्या गुणाकाराने ठरतो. फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर, सोडलेली वीज आणि बिलांतील वीज यांतला फरक एकतर गळती म्हणून दाखवायचा किंवा शेतीचा वापर म्हणून. शेतीचा वापर जास्त दाखवला की गळती कमी दिसते. तेव्हा 'शेतीतील वीजवापर आणि शेतीचे उत्पन्न' असा सहसंबंध कोणी काढला, तर त्यातील किती भाग शेतातला आणि किती कागदावरचा, हे आधी विचारावे लागेल.

यावर एक चांगले कामही झाले, त्याची नोंद व्हावी. गावठाणाचे, म्हणजे गावातील घरवस्तीचे, फीडर पंपांपासून वेगळे करण्याची योजना राज्यात राबवली गेली. त्यापूर्वी पंपांचा भार कमी करण्यासाठी फीडर बंद केला की गावातले दुकान, वेल्डिंगची टपरी, शाळा, सारेच बंद पडत असे. फीडर वेगळे झाल्यावर पंपांना पाळीने आणि गावठाणाला जवळजवळ सलग वीज देणे शक्य झाले. एकूण युनिट तेवढेच राहिले तरी गावातील कामाचे तास वाढले. धागाकर्त्यांनी जो मुद्दा मांडला आहे त्याला माझ्या पाहण्यातील याहून चांगले उदाहरण नाही.

ताणाबाणा

आमचे कुटुंब तीन पिढ्या भिवंडीत यंत्रमागाच्या धंद्यात आहे. वरील चर्चा वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या, एक विजेच्या बाजूची आणि एक विजेच्या मर्यादेची.

साध्या यंत्रमागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर असते. चोवीस मागांचे शेड धरले तर मागांचा भार अठरा किलोवॉट, वर कांडी भरण्याचे यंत्र, दिवे आणि पंखे. दोन हजारच्या दशकात राज्यात भारनियमन शिखरावर होते, तेव्हा दिवसाचे कित्येक तास शेड बंद राहत असे. माग बंद पडतो तेव्हा नुसते तेवढ्या वेळचे कापड जात नाही. वीज अचानक गेली आणि धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) मध्येच थांबला, तर तेथे कापडात पट्टा उमटतो, सूत तुटते, आणि वीज आल्यावर प्रत्येक मागावर तुटलेले धागे जोडून पुन्हा चाल पकडायला वेळ जातो. व्यापारी तो तागा दुय्यम म्हणून कापून घेतो. कारागिराची मजुरी विणलेल्या मापावर असते, त्यामुळे बंद तासांचा पहिला फटका त्याला बसतो. आमच्याकडचे बहुतेक कारागीर उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेले. काम नसले की खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च अंगावर पडतो. त्या काळात गावी गेलेले कित्येक जण परतले नाहीत.

जनरेटर का लावला नाही, असे शहरातील लोक विचारत. हिशेब सरळ आहे. एक लिटर डिझेलमधून फार तर तीन-साडेतीन युनिट निघतात. आज डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटमागे पंचवीस रुपयांच्या पुढे गेला. ग्रे, म्हणजे न धुतलेल्या-रंगवलेल्या, कापडात मीटरमागे जो पैसा सुटतो त्यात हे बसत नाही. कापड रंगवणाऱ्या मोठ्या प्रोसेस हाउसला ते जमते, चोवीस मागवाल्याला जमत नाही. वर उल्लेखलेल्या अभ्यासात लहान कारखान्यांना झळ जास्त बसते असे म्हटले आहे, त्यामागचे कारण हेच असावे.

जानेवारी २००७ मध्ये भिवंडीत वितरण फ्रँचायझी आली, म्हणजे वीजवाटप आणि वसुली खासगी कंपनीकडे गेली; देशातील अशी ती पहिलीच. गळती फार मोठ्या प्रमाणात खाली आली, रोहित्रे बदलली गेली, पुरवठा सुधारला. बिलांविषयी आणि थकबाकीच्या वसुलीविषयी येथे तक्रारी खूप आहेत, पण वीज पूर्वीपेक्षा पुष्कळ भरवशाची झाली हे मी नाकारणार नाही.

आता मर्यादेची बाजू. वीज सुधारली म्हणून आमचा धंदा भरभराटीला आला का? नाही. सुताचे भाव आठवड्यागणिक हलतात, कापडाचा भाव दुसऱ्यांच्या हातात आहे, जुन्या मागांवर निघणारे कापड शटललेस (धोट्याविना चालणाऱ्या) मागांच्या कापडापुढे टिकत नाही आणि नवे माग घ्यायला भांडवल नाही. कित्येक शेडमधले माग भंगारात गेले आणि त्या जागी आज गोदामे उभी आहेत. वीज नसण्याने आम्ही बुडत होतो हे खरे. वीज असण्याने तरलो असे मात्र झाले नाही. अर्थशास्त्राच्या मंडळींनी या दोन विधानांतील अंतर कसे मोजायचे ते सांगावे.

काटकसर

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक गृहीतक कोणी तपासत नाही असे वाटते. विकसनशील देशांनी वीजवापर वाढवलाच पाहिजे, हे आजच्या तंत्रज्ञानात कितपत खरे आहे? साठ वॉटच्या बल्बचा प्रकाश आता नऊ वॉटच्या एलईडीत मिळतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून असे कोट्यवधी दिवे वाटले गेले. छताचा जुना पंखा पंचाहत्तर वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीस वॉटच्या आत चालतो. ब्रिटनचा वीजवापर २००५ च्या सुमारास शिखरावर होता. त्यानंतर तो घटला आणि अर्थव्यवस्था मात्र वाढली. आपणही तोच मार्ग आधीच का धरू नये? कोळशाचा धूर चंद्रपूरच्या लोकांनी सोसायचा, कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही रेंगाळायचे आणि वीज मुंबई-पुण्याला, हा हिशेब कधीतरी आर्थिक वाढीच्या खात्यात मांडला पाहिजे.

दुसरे असे की ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महापे येथे, जेथे पूर्वी रसायनांचे आणि अभियांत्रिकीचे कारखाने होते, तेथे आता डेटा सेंटर उभी राहत आहेत. अशा एकेका इमारतीला कित्येक मेगावॉट लागतात आणि आत कायम नोकरीला असलेली माणसे मोजकी. वीजवापराचा आलेख वर जाईल, रोजगाराचा जाणार नाही.

अर्थान्वय

'काटकसर' यांचा डेटा सेंटरचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो; मोझांबिकच्या ॲल्युमिनियमसारखेच ते आहे. त्या केंद्रांमुळे इतरत्र सेवा वाढतात हे खरे, पण ती वाढ ऐरोलीतच होईल असे नाही.

ब्रिटनच्या उदाहरणाशी मात्र मी सहमत नाही. घट सुरू झाली तेव्हा तेथे प्रत्येक घरात शीतकपाट, धुलाईयंत्र आणि ऊब होती, आणि पोलाद, कापड, भांडी अशा पुष्कळ वस्तू बाहेरून येऊ लागल्या होत्या. त्या वस्तू बनवताना लागलेली वीज चीनच्या आणि आपल्या खात्यात मोजली जाते. ज्या घरात अजून पंखाच नाही तेथे तीस वॉटचा पंखा आला तरी वापर शून्यावरून वरच जाणार आहे. कार्यक्षमतेचा खरा लाभ गरीब घराला असा की तेवढ्याच बिलात दिव्यासोबत पंखा चालतो, त्याच क्षमतेच्या रोहित्रावर जास्त घरे बसतात. तो लाभ फार मोठा आहे आणि तो सर्वांत आधी मिळायला हवा. पण त्यावरून देशाचा वीजवापर वाढण्याची गरज नाही असे म्हणणे म्हणजे ज्यांनी अजून घेतलेच नाही त्यांना बचतीचा सल्ला देणे होय, आणि ते मला न्याय्य वाटत नाही.

चंद्रपूर आणि कोयना यांविषयी आपण जे लिहिले ते मात्र माझ्या मूळ लेखात यायला हवे असे आहे. वीज जेथे तयार होते आणि जेथे उत्पन्नात मोजली जाते त्या जागा वेगळ्या असतात. जिल्हावार उत्पन्नाच्या तक्त्यात औष्णिक केंद्राचे मूल्यवर्धन जिल्ह्याच्या नावावर दिसते, पण धुराचा आणि राखेचा खर्च कोठेच वजा होत नाही.

'ताणाबाणा' यांच्या प्रश्नाचे माझ्या परीने उत्तर देतो. अर्थशास्त्रात याला अडसर ठरणारी मर्यादा म्हणतात. एका वेळी एकच अडसर सर्वांत कडक असतो. तो काढला की वाढ होते, पण पुढच्या अडसरापर्यंतच. २००६ मध्ये भिवंडीचा सर्वांत कडक अडसर वीज होता. आज तो भांडवल आणि सूत आहे. म्हणून एकाच शहराच्या आकड्यांवरून दोन वेगवेगळ्या वर्षांत दोन उलट निष्कर्ष निघतील आणि दोन्ही बरोबर असतील. अमेरिकेतही कारखान्यांत वीज आल्यावर उत्पादकता लगेच वाढली नाही. पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की जुन्या इमारतीत, छताखालच्या एका लांब दांड्यावरून पट्ट्यांनी सगळी यंत्रे फिरवण्याची रचना बदलून यंत्रागणिक मोटर बसेपर्यंत काही दशके गेली, आणि मोठी वाढ १९२० च्या दशकात दिसली. मध्ये नवे भांडवल, नव्या इमारती आणि नवे कौशल्य यावे लागले.

उंबरठा

मी गोवंडी-मानखुर्द भागात महिला बचतगटांबरोबर काम करते. येथील चर्चा बरीचशी कारखाना आणि गाव यांच्याभोवती फिरते आहे; मुंबईच्या वस्त्यांतले घर हेच कारखाना असते, हे कृपया लक्षात घ्यावे.

शिलाई, जरीकाम, इमिटेशन दागिन्यांची जुळवणी, पापड, डबे, हे सारे एका खोलीत चालते. खोलीला खिडकी नसते किंवा ती गल्लीकडे उघडते, त्यामुळे भर दुपारीही दिवा आणि पंखा लागतो. शिलाईयंत्राला मोटर बसवली तर त्याच वेळेत होणारे काम बरेच वाढते, म्हणून वीज येथे थेट मजुरीत मोजता येते. आता अडचण पाहा. ज्यांच्याकडे अधिकृत मीटर आहे त्यांना घरगुती दर लागतो आणि पहिल्या शंभर युनिटांत तो परवडतो. ज्यांच्याकडे जागेची कागदपत्रे नाहीत त्यांना मीटर सहज मिळत नाही. मग मधला माणूस तार ओढून देतो आणि दिव्याला इतके, पंख्याला इतके, मोटरला इतके असे महिन्याचे ठोक पैसे घेतो. त्या तारेवर दाब कमी, धोका जास्त, आणि हिशेब केला तर युनिटमागे पडणारा पैसा अधिकृत ग्राहकापेक्षा कितीतरी जास्त. मोटरचे पैसे वेगळे द्यावे लागतात म्हणून कित्येक बायका आजही पायाने यंत्र चालवतात.

मुंबईला भारनियमन नाही, असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण या बायकांसाठी वीज आहे की नाही हे भारनियमनाने ठरत नाही, भाडेपावती आणि पुरावा यांनी ठरते. डिंकेलमन यांच्या अभ्यासात स्त्रियांचा रोजगार वाढला, कारण मोकळ्या झालेल्या वेळेत करायला काम होते. आमच्याकडे काम दाराशी येते, दलाल रोज पोती टाकून जातो. मोटर चालवायचा हक्क तेवढा नाही.

सांख्यिकी

'उंबरठा' यांच्या प्रतिसादातून मोजमापाचा एक प्रश्न उभा राहतो. ठोक पैशांनी घेतलेली ही वीज घरगुती वापरात येत नाही; ती वितरण गळतीत मोजली जाते. म्हणजे जे युनिट प्रत्यक्षात मजुरी निर्माण करते तेच आकडेवारीत तोटा म्हणून नोंदले जाते. 'रोहित्र' यांनी सांगितलेल्या कृषिपंपांच्या बाबतीत उलट घडते, तेथे गळतीचा काही भाग वापर म्हणून नोंदला जातो. या दोन चुका विरुद्ध दिशेच्या आहेत, पण त्या एकमेकींना रद्द करतील असे समजण्याला काहीही आधार नाही, कारण एक शहरात आहे आणि दुसरी ग्रामीण भागात.

रोहित्र

'उंबरठा' यांनी लिहिलेले खरे आहे. मीटर देणे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम नाही. वीज मिळण्याला जागेची मालकी ही अट न ठेवता केवळ वास्तव्याचा पुरावा पुरेसा मानला, तर गळतीही कमी होते आणि वसुलीही वाढते, असा वितरणातील माझ्या पिढीच्या अनेकांचा अनुभव आहे.

मुंबईबद्दल आणखी एक. येथील पुरवठा भरवशाचा असण्यामागे शहरातील स्वतःची निर्मिती आणि १९८१ पासूनची आयलँडिंगची व्यवस्था आहे. बाहेरचे जाळे कोसळले तर शहर वेगळे होऊन स्वतःच्या संचांवर चालावे अशी ती योजना. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतात साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली, तेव्हा पश्चिम विभाग बाजूला राहिला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मात्र सकाळी दहानंतर मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या, कारण बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या पुरेशा नव्हत्या आणि आयलँडिंगही टिकले नाही. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा कोठे त्या बाजूचा ताण हलका झाला. पारेषणावर झालेला असा खर्च वीजवापराच्या आकड्यात एका युनिटचीही भर घालत नाही, पण ज्या दिवशी तो उपयोगी पडतो त्या दिवशी त्याची किंमत वसूल होते. आपल्या चर्चेतल्या 'न मिळालेल्या युनिटा'ची ही दुसरी बाजू.

आता सूचना. वितरण कंपन्यांना खंडित पुरवठ्याचे निर्देशांक, म्हणजे ग्राहकामागे किती वेळा आणि किती मिनिटे वीज गेली याचे आकडे, राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमांनुसार ठेवावे लागतात. भिवंडी, इचलकरंजी आणि मालेगाव या तीन यंत्रमाग केंद्रांसाठी हे आकडे महिनावार मिळवले आणि त्यांच्या शेजारी यंत्रमाग वर्गवारीतील ग्राहकांची संख्या व त्यांचे युनिट ठेवले, तर पुरवठा सुधारल्यावर माग वाढले, टिकले की तरीही घटले, हे दिसू शकेल. भिवंडीत फ्रँचायझी २००७ पासून आहे, मालेगावात ती बरीच नंतर, २०२० मध्ये आली आणि इचलकरंजीचा कारभार वेगळा, त्यामुळे तुलनेला आधारही मिळेल.

ताणाबाणा

इचलकरंजीतील आमच्या व्यवहारातल्या लोकांकडे जुनी बिले वर्षानुवर्षे जपून ठेवलेली असतात, कारण वीजदर सवलतीच्या कामासाठी ती लागतात. भिवंडीतील काही शेडची बिले मी स्वतः गोळा करू शकतो. बिलावर मंजूर भार आणि दरमहा युनिट दोन्ही असतात, तेव्हा मंजूर भाराच्या मानाने शेड किती तास चालले याचा अंदाज निघेल. ग्राहक क्रमांक आणि नावे झाकून ती 'सांख्यिकी' यांच्याकडे कशी पाठवायची, हे त्यांनी व्यक्तिगत संदेशातून कळवावे.

सांख्यिकी

जरूर कळवतो. बिलांसोबत शक्य असेल तर त्याच महिन्यांतील सुताचा भाव आणि चालू असलेल्या मागांची संख्याही नोंदवावी. नाहीतर मंदीमुळे बंद पडलेले तास आणि वीज नसल्यामुळे बंद पडलेले तास वेगळे करता येणार नाहीत. २००५ ते २०१० या वर्षांची बिले सर्वांत महत्त्वाची, ती आधी शोधावीत.